कारण कायमचं, तारीख खडूची

मित्रांनो, जन्म आणि मृत्यू या दोनच गोष्टी अपरिहार्य आहेत, असं थोर लोक सांगून गेले. त्यांना डहाणूतल्या आमच्या कार्यालयात कधी काम पडलेलं दिसत नाही.

मी तिथली जुनी पत्र्याची पाटी. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. ज्याला त्याला आपलंच वाटेल. जिल्हा नवा झाला त्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, माझाही जन्म झाला. त्याआधी फळ्यावर खडूने लिहीत. पण खडू फार संपू लागले, तेव्हा साहेबांनी पेंटर बोलावला. 'अपरिहार्य कारणास्तव साहेब आज भेटणार नाहीत, दिनांक' एवढं त्याने ऑइल पेंटने रंगवलं. दिनांकापुढे खडूने लिहायला जागा सोडली. कारण आधीच ठरलं होतं, तारीख तेवढी घडायची होती.

माझी अक्षरं सुबक आहेत. लोक कौतुकाने वाचायचे आणि परत जायचे. भारी शब्दाशी कोणी भांडत नाही.

भांडली ती कैनाडची तानी. २०१६ चा जुलै होता. तिच्या रूपीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. दाखला तयार होता, आत टेबलावर होता, फक्त साहेबांची सही बाकी होती. प्रवेशाची मुदत शुक्रवारी पाचला संपत होती. मायलेकी बुधवारी आल्या, तेव्हा दारावर मी.

"रूपे, काय लिवलंय?"

"साहेब नाय भेटणार. टाळता येत नाय असं कारण हाय."

"कोन मेलं काय?"

शिपाई चिमण हसला. "कोणी नाय मेलं, मावशी. सायबांच्या मेव्हण्याचा साखरपुडा हाय, वापीला."

"त्यो टळत नाय? मंग माजी भाताची आवनी कशी टळली रे? चिखल करून ठेवलाय, रोप पिवळं पडाय लागलं, नि मी हितं पाटी वाचते!"

गुरुवारीही मीच. साखरपुड्याचा शीण होता.

शुक्रवारी दुपारी चिमणने मला पुन्हा टांगलं, पण या वेळी माझ्याकडे न बघता. तानीने नाक वर करून वास घेतला.

"आत पापलेट तळलंय."

"हळू बोला, मावशी. एका भाऊसाहेबांची बदली झालीय. निरोपाचं जेवण हाय."

"सायेब हायेत ना आत? मंग घास ठेव म्हनावं नि सही कर."

चिमण आत गेला आणि तसाच परत आला. "चारनंतर बघू म्हणाले."

चारला मागच्या दाराने गाडी निघून गेली. तानीने पायातली चप्पल काढली आणि माझ्या मधोमध हाणली. बरोबर केलं. पत्र्याची असले तरी एवढं मलाही कळतं. मी तीन दिवस एका पोरीच्या वाटेत आडवी टांगलेली होते, तीही सुबक अक्षरांत.

म्हणून मित्रांनो, नुसती पाटी वाचून परत फिरू नका. दारावर मोठा शब्द दिसला, तर आधी त्याच्यामागे कोण जेवतंय ते बघा. आणि दार वाजवा. जोरात वाजवा.

रूपीला दाखला मिळाला, मुदत संपून सहा दिवसांनी. त्यात एकही चूक नव्हती.