मिनिटाला बारा थेंब

जनावरांच्या दवाखान्यात बारा वर्षं काढल्यावर तिला तिथे सगळे सिस्टर म्हणू लागले होते, पण घरी नणंदेच्या लेखी ती अजून शिकाऊच होती. ही नणंद, म्हणजे वन्सं, चौतीस वर्षं चौथीच्या वर्गाला गणित शिकवून निवृत्त झालेली. लग्नाच्या फंदात कधी पडली नाही, आणि धाकट्या भावाला त्याच्या पन्नाशीतही बाळ्या म्हणायची. बाळ्यानं बायको आणली त्या दिवसापासून वन्सं तिचे पेपर तपासत बसल्या होत्या. नळ नीट बंद केला नाही, भांडं पालथं घातलं नाही, टॉवेलाची घडी वाकडी. अठरा वर्षांत पैकीच्या पैकी गुण एकदाही मिळाले नव्हते.

वन्संचा जीव होता तो एका बोक्यावर. दिवसभर खुर्ची अडवून बसायचं, कामाच्या नावानं शून्य, आणि कुणी उठवलं तर गुरगुरायचं, म्हणून त्याला मॅनेजर म्हणत. अकरा वर्षांचा, वजन बरोबर चार किलो. वन्सं त्याच्याशी ज्या आवाजात बोलत, तो आवाज घरात दुसऱ्या कुणी कधी ऐकला नव्हता.

मॅनेजरचे दात किडले. वाटीत तोंड घालायचा आणि ओरडून मागे सरायचा. दात काढावे लागतील, त्याकरता भूल द्यावी लागेल, असं सिस्टरनं सांगितलं तेव्हा वन्संनी महिनाभर ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवटी त्याच्या पाठीची हाडं हाताला लागायला लागली तशा त्या तयार झाल्या. पण सतरा प्रश्न विचारून. दात काढायला सलाईन कशाला, हा त्यातला एक. सिस्टरनं समजावलं की भुलेत रक्तदाब खाली जातो, मूत्रपिंडांना रक्त कमी पोचतं, आणि म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडं मुळातच नाजूक असतात, म्हणून शिरेतून हळूहळू पाणी देत राहायचं. कमी पडलं तर वाईट आणि जास्त झालं तर त्याहून वाईट, कारण जास्तीचं पाणी फुप्फुसात उतरतं. कुत्र्याला चालतं तेवढं मांजराला चालत नाही. वन्संनी सगळं ऐकून घेतलं. मग कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून म्हणाल्या, "सलाईनला तू स्वतः उभी राहणार असशील तरच. दुसऱ्या कुणाच्या हातात मी त्याला देणार नाही."

सिस्टरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. अठरा वर्षं ज्या तोंडातून बरा शब्द निघाला नाही, त्या तोंडानं हे म्हणावं? रात्री तिनं नवऱ्याला दोनदा सांगितलं. बाळ्यानं दोन्ही वेळा हं म्हटलं आणि कूस बदलली.

आता दवाखान्यातली रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच बिघडलं. सलाईन मोजून सोडणारं यंत्र दवाखान्यात एकच. त्या सकाळी पोट फुगलेला एक मोठा कुत्रा तातडीनं आला आणि यंत्र त्याच्याकडे गेलं. यंत्र नसलं की थेंब मोजायचे. नळीच्या वरच्या अंगाला एक पारदर्शक कुपी असते, तिच्यात थेंब पडताना दिसतात. घड्याळ समोर धरायचं आणि नळीवरची चाकी फिरवून थेंब हवे तेवढे करायचे. नळ्या दोन जातींच्या. मांजरांसाठी बारीक थेंबाची, तिचे साठ थेंब म्हणजे एक मिली. कुत्र्यांसाठी जाड थेंबाची, तिचे वीसच थेंब एक मिली भरतात. दोन्हींचे खण वेगळे. चार किलोच्या मांजराला बारीक नळीनं मिनिटाला बारा थेंब, हा हिशेब सिस्टरनं स्वतःच्या अक्षरात लिहून कपाटावर चिकटवला होता. नव्या मुली आल्या की ती त्यांना बजावायची, थेंब मोजायच्या आधी थेंब केवढा आहे ते बघा. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं.

शुक्रवारी नळ्यांचा नवा माल आला होता. कुत्र्यांचा खण गच्च भरला, उरलेल्या चार-पाच नळ्या सिस्टरनं मांजरांच्या खणात टाकल्या, सोमवारी नीट लावू म्हणून. सोमवारी मॅनेजर टेबलावर होता.

टेबलाच्या खोलीच्या दाराला चौकोनी काच होती. मालकांना बाहेर बाकावर बसवत, पण वन्सं बसल्या नाहीत. नाक काचेला लावून उभ्या राहिल्या. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई मॅनेजरच्या तोंडात दिवा धरून दातांकडे वळल्या आणि सिस्टरनं सलाईन टांगलं. खणातून नळी काढली, पाकीट फाडलं, जोडली. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचलं नाही. मग मनगट उंच धरून तिनं घड्याळ लावलं आणि थेंब मोजले. बरोबर बारा. पाच मिनिटांनी परत मोजले, बारा. दर वेळी मनगट असंच उंच, काचेतून दिसेल असं. पिशवीवर चिकटपट्टी लावून दर अर्ध्या तासाला पाणी कुठवर उतरलं त्याची रेघ मारायची, ही पण तिचीच शिस्त. त्या दिवशी पहिली रेघ मारली, पुढच्या राहून गेल्या, कारण चिकटपट्टी पिशवीच्या मागच्या बाजूला होती आणि तिकडे जायचं म्हणजे काचेकडे पाठ करावी लागली असती.

सहा दात निघाले. दोन तास लागले. भूल बंद केली, आणि मॅनेजर जागा होताना भराभर श्वास घ्यायला लागला. पोट वरखाली, हिरड्या निळसर. डॉक्टरीणबाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. फुप्फुसात पाणी वाजत होतं. प्राणवायू लावला, लघवीवाटे पाणी उतरावं म्हणून इंजेक्शन दिलं, नाकाशी आलेला फेस पुसला. मग त्यांनी पिशवी हातात घेऊन उजेडाकडे धरली. चोवीस मिली जायला हवं होतं, बहात्तर गेलं होतं. त्यांनी कुपीकडे बघितलं, मग सिस्टरकडे.

मॅनेजर दुपारी गेला.

डॉक्टरीणबाईंनी बाहेर जाऊन वन्संना सांगितलं की हृदय आतून जाड झालेलं होतं, मांजरांत असं असतं, वरून कळत नाही. हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं. आत आल्यावर त्या सिस्टरला म्हणाल्या की धडधाकट मांजरानं एवढं पाणी सोसलं असतं, तेव्हा उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. आणि हात धुता धुता, मागे वळून न बघता म्हणाल्या, "घरी काही बोलू नकोस. तुझं घर आहे तसा माझा दवाखाना आहे."

दुसऱ्या कुणावर ढकलता येतं का, हे सिस्टरनं मनात चाचपून बघितलं. खण तिनं भरला होता, नळी तिनं काढली होती, तक्तासुद्धा तिच्या अक्षरातला. वाटणीला दुसरं कुणी आलंच नाही.

आणि मग घरात जे सुरू झालं ते टोमण्यांपेक्षा वाईट होतं. वन्सं तिच्याशी चांगल्या वागायला लागल्या. ती कामावरून आली की पाण्याचा पेला पुढे करत. बाळ्यानं एकदा जेवणात काही खोट काढली, तर त्यालाच दटावलं की दिवसभर उभी असते बिचारी. शेजारीण बोक्याचं विचारायला आली तेव्हा तिला म्हणाल्या, "आमची ही शेवटपर्यंत त्याच्याजवळ होती. दोन तास थेंब मोजत उभी. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं." सिस्टर आत कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांचं कुणाला नवल वाटलं नाही.

अठरा वर्षं भुकेल्या माणसाला ताट मिळावं आणि ते चोरीचं निघावं. तिला घास गिळवेना. खरं म्हणजे सांगून टाकायचं धाडस तिला वन्संसाठी आलं नाही; स्वतःच्या घशात अडकलेलं काढायला आलं. सहाव्या आठवड्यात, रविवारी सकाळी, बाळ्या बाहेर गेलेला असताना, वन्सं वाळलेले कपडे घडी घालत बसल्या होत्या तिथे ती जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. खण, नळी, बारा थेंब, बहात्तर मिली.

वन्संनी मध्ये तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, "बारीक नळीचे किती थेंब एका मिलीला?"

"साठ."

"आणि जाड?"

"वीस."

"म्हणजे तिप्पट." वन्संचे ओठ क्षणभर हलले, वर्गात मनातल्या मनात पडताळा घेताना हलत असतील तसे. "चौथीच्या पोरीला आलं असतं हे."

सिस्टरनं मान खाली घातली. हे तिला अपेक्षित होतं, हवंही होतं. बोलणी खाऊन झाली की सुटले, असा तिचा हिशेब. पण वन्सं ओरडल्या नाहीत. हातातला टॉवेल त्यांनी मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या की तो हृदयानं गेला, त्याला कुणाचा इलाज नव्हता, असं रोज स्वतःला सांगून त्या कशाबशा झोपत होत्या. आता काय सांगायचं स्वतःला, ते तूच सांग. तुझा घसा मोकळा झाला, असं वन्सं म्हणाल्या, आणि त्यात टोमणासुद्धा नव्हता.

तिथे तिनं थांबायला हवं होतं. पण माणूस एकदा कबूल करायला लागलं की तळापर्यंत खरवडतं, आणि तळाशी थोडी माफी सापडेल अशी आशा सुटत नाही.

"वन्सं, तुम्ही काचेतून बघत होतात ना," ती म्हणाली. "मी नीट काम करते हे तुम्हाला एकदा तरी दिसावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सारखी घड्याळ धरून मोजत होते. पिशवीकडे बघायचंच राहिलं. तुम्हाला दिसत होतं ना, मी मोजत होते ते?"

वन्संनी तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. वर्गाबाहेरच्या कुणीतरी मुलीनं उगाच हात वर करावा तसं.

"मी तुझ्याकडे बघितलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "मी त्याच्याकडे बघत होते."

त्यांनी टॉवेलाची घडी पुरी केली आणि ढिगातला पुढचा कपडा ओढला. मग बाळ्या आल्याचा आवाज झाला आणि सिस्टर दार उघडायला उठली.