सर्व मान्य

नववर्षाच्या सुट्टीआधी सर्व्हरवर खाऊची हिरवी पाकिटं ठेवायची पाळी या वेळी शू-यिंगची होती. मशिनं शहाण्यासारखी वागावीत म्हणून शिन्चू शहरातल्या त्या चिपच्या कारखान्यात जुनी पाकिटं दरवर्षी बदलत.

"पिवळं ठेवू नकोस गं, नाहीतर रुसतील!" भट्टीवरचे चिया-वेईदादा हसत म्हणाले.

पाकिटं ठेवून ती जागेवर आली, तर पडद्यावर इशाऱ्यांची रांग. पहाऱ्याचा प्रोग्राम प्रत्येक फाइलचा ठसा जपून ठेवी. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी नवा ठसा जुन्याशी जुळत नसे आणि तो ओरडे. सकाळीच अपडेट बसवलं होतं, म्हणून तो शेकडो फाइलींवरून ओरडत होता. एकेक तपासायची तर गावची गाडी चुकणार. शू-यिंगने "सर्व मान्य" दाबलं. प्रोग्राम गप्प झाला.

सुट्टीनंतर भट्टी जास्त तापली आणि चिपची अख्खी खेप वाया गेली.

"फाइलींना कुणी हात लावलाय?" फानसाहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं.

"नाही. सगळे ठसे जुळतात," शू-यिंग जरा तोऱ्यातच म्हणाली.

"मग आकडे तुम्हीच चुकीचे टाकले असणार, चिया-वेई."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. "ही म्हणतेय म्हणजे... टाकले असतील. माफ करा." कमरेत वाकून ते निघून गेले.

ते वाकणं तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिने अपडेटच्या आधीची बॅकअप प्रत काढून ताडून पाहिली. भट्टीच्या तापमानाची फाइल वेगळी होती, आणि अपडेटशी तिचा काही संबंध नव्हता. बाहेरून कुणीतरी शिरून ती बदलली होती. त्या शेकडो इशाऱ्यांत या फाइलचाही इशारा होता. बिघडवलेल्या फाइलचा ठसाच शू-यिंगने खरा ठरवला होता. तेव्हापासून प्रोग्राम खोट्याशी खोटं जुळवून सगळं ठीक असल्याचं सांगत होता.

तिने साहेबांना आणि दादांना बोलावून प्रत दाखवली.

"म्हणजे प्रोग्रामच चुकला तर," साहेब म्हणाले.

हो म्हणणं किती सोपं होतं!

"नाही, साहेब. त्याने सांगितलं होतं. मीच न बघता मान्य केलं. आणि मीटिंगमध्येही न बघताच बोलले."

दादा मटकन खुर्चीत बसले आणि सुटल्यासारखे हसले.

"बरं झालं बाई सांगितलंस. मी तर घरी बायकोला सांगून बसलो, की आता मला विसर पडायला लागलाय. नोकरी सोडावी म्हणत होतो."

शू-यिंगला मान वर करता येईना.