बंद फ्रिजची श्रीमंती

मी एक जुना फ्रिज आहे. रंग पांढरा, दार एकच, आणि पोटात गारवा म्हणाल तर औषधालाही नाही.

माझी उमेदीची वर्षं शहापूरजवळच्या एका बंगल्यात गेली. मालकांचं राहतं घर मुंबईत. इथे ते फक्त शनिवार-रविवार यायचे. माझ्यातून चीज आणि आइस्क्रीम काढता काढता पाहुण्यांना सांगायचे, "आपण काय, साधी मध्यमवर्गीय माणसं." मला ते खरंच वाटायचं. पुढे माझा कॉम्प्रेसर जळला. त्यांनी माझ्या दुप्पट फ्रिज आणला आणि बागकाम करणाऱ्या नवसूला म्हणाले, "घेऊन जा रे हा."

नवसूची वाडी कसाऱ्याकडच्या डोंगरात. चौघांनी मला बांबूला बांधून चढण चढवली आणि कुडाच्या घरात उभं केलं. त्याच्या बायकोने, बारकीने, माझ्यात बियाण्याचं भात ठेवलं, नागली ठेवली, रेशनकार्ड ठेवलं. उंदरांना माझं दार काही उघडेना. मित्रांनो, बंगल्यातही माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं.

दसऱ्यानंतर सरकारी घरकुलाच्या पाहणीसाठी साहेब येणार होते. घराची मागची भिंत पार कलली होती. नवसूची आई, भिमी, दिवसभर तिथेच बसायची. पक्क्या घराची आस सगळ्यात जास्त तिलाच होती.

शेजारीण धोंडी सांगायला आली, "बारके, फ्रिजवर गोधडी टाक गो. सायबाला दिसाया नको."

"का म्हनून? पाव्हना यायचा, घर बरं दिसाया नको?" बारकी म्हणाली. तिने मला साबणाने पुसलं, वर झेंडूची माळ घातली. साहेबांनी मोबाइलवर फोटो काढला, तेव्हा ती पदर सावरून माझ्याशेजारी उभी राहिली.

यादीत नवसूचं नाव आलं नाही. तो कचेरीत गेला.

"तो चालत नाय साहेब. भात ठेवतो आमी त्यात."

"फ्रिज आहे ना घरात? मग झालं."

ग्रामसभेत वाडीतलेच लोक म्हणाले, "त्यांना काय कमी हाय?" नवसू खाली मान घालून घरी आला.

लावणीच्या दिवसांत, भर दुपारी, सगळे शेतावर असताना ती भिंत भिमीवर कोसळली. तिने दोनदा नवसूला हाक मारली. मी समोरच होतो. उभं राहण्यापलीकडे मला काही करता आलं नाही, याची मला फार लाज वाटते.

मित्रांनो, कुणाच्या घरातली एखादी वस्तू बघून त्या घराची ऐपत ठरवू नका. आधी दार उघडून आत काय आहे ते बघा, चार शब्द विचारा. इथे कुणी विचारलं नाही. भिमीला न्यायला माणसं जमली, तेव्हा खालच्या गावच्या एकाने अंगणात विचारलं, "कोन गेलं रे?"

दुसरा म्हणाला, "फ्रिजवाल्यांची म्हातारी."