मधली जागा

“पाळकसाहेब, जरा हिकडं सरका. तिथं प्रभू बसतो,” सखूबाई म्हणाली आणि पाळकसाहेब चटका बसल्यासारखे उठले.

हरिचंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चर्चचे नवे पाळक अंबरनाथच्या चाळीत पहिल्यांदाच घरी आलेले आणि बायकोनं त्यांना सरळ उठवलं! पण सखूपुढं त्याचं कधी चाललं होतं? नगरकडून लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा हा नेम. दिवेलागणीला चटई अंथरायची, एका कडेला तिनं बसायचं, दुसऱ्या कडेला त्यानं, आणि मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडायची. दोघं-तिघं त्याच्या नावानं जमले की तो त्यांच्यामध्ये असतो, असं शास्त्रात आहे. मग त्याला बसायला जागा नको?

प्रार्थना सखूची. हरिचंद्र उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात इस्त्रीवाला. दिवसभर उभं राहून त्याचे पाय भरून यायचे. चटईवर टेकला की डोळे मिटायचे, ते भक्तीनं की झोपेनं हे त्याचं त्यालाच ठाऊक. सखू प्रभूशी शेजारणीशी बोलावं तशी बोलायची. नळाला पाणी नाही, पलीकडच्या भिमाबाईचा गुडघा दुखतोय, जरा बघ. ती थांबली की हा “आमेन” म्हणायचा. एवढंच याचं काम.

“तुमी कदी बोलनार हो प्रभूशी?” ती टोमणा मारायची.

“तू गप बसशील तवा. दोघं एकदम बोललो तर त्यानं कुनाचं ऐकायचं?”

मूलबाळ झालं नाही. त्याबद्दलही सखू बरीच वर्षं मधल्या जागेकडं बघून बोलली, मग तो विषय तिनं सोडून दिला. जागा मात्र सोडत राहिली.

एक्क्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतर ती मोरीपाशी कोसळली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टरांनी हात टेकले. “साईं, पहले घरवाली को देखो,” म्हणून कारखान्याच्या सिंधी सेठनं सुट्टी दिली. हरिचंद्र रोज संध्याकाळी तिला उचलून तिच्या कडेला भिंतीशी टेकवून बसवायचा आणि तिच्या तोंडाकडं बघत राहायचा. ओठ एका बाजूनं हलायचे. हलायचे थांबले की तो “आमेन” म्हणायचा. ती काय मागते ते त्याला कळायचं नाही. त्याचं स्वतःचं मागणं एकच होतं, हिला राहू दे, नाही बोलली तरी चालेल. पण ते तो मनातल्या मनातच म्हणायचा. मोठ्यानं बोलायची सवयच नव्हती.

नाताळ यायच्या आत सखू गेली.

मातीहून परतल्यावर पाळकसाहेब घरी आले. चटईवर बसताना आठवणीनं कडेला बसले.

“हरिभाऊ, खचू नका. प्रभू तुमच्याबरोबर आहे.”

“साहेब, दोघं किंवा तिघं, असंच म्हनलंय ना? आता मी येकटा. येकट्याचं काय लिवलंय?”

पाळकसाहेबांनी पुष्कळ सांगितलं. चांगला माणूस होता, मनापासून सांगत होता. हरिचंद्र मान हलवत राहिला. आत काहीच शिरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला हातांनी आपोआप चटई अंथरली. तो आपल्या कडेला बसला. शेजारी मधली जागा, तिच्यापलीकडं सखूची. दोन्ही सारख्याच रिकाम्या दिसत होत्या. त्यानं हात जोडले, तोंड उघडलं. सखू सुरुवात कशी करायची? एवढी वर्षं ऐकलं, पण पहिला शब्द काही आठवेना. तो आयुष्यभर शेवटाचीच वाट बघत आला होता. त्याला रडू फुटलं.

“भाऊ, लाईट नाय लावली?” भिमाबाई ताट घेऊन दारात उभी होती. भिंतीला भिंत लागून घर, तिला हुंदका ऐकू गेला असणार. तिनं दिवा लावला, पिठलं-भाकरी पुढं ठेवली. “दोन घास खाऊन घ्या बघू.”

“भिमाबाई, थोडं बसता का? प्रार्थनेला दोघं लागत्यात.”

“अवो, आमी बुद्धाचे. मला तुमचं काय येत नाय.”

“मलाबी येत नाय.”

तिनं त्याच्याकडं बघितलं आणि मग भिंत धरून खाली बसायला लागली. गुडघा वाकेना. सखूच्या जागेपर्यंत जाणं तिला जमलं नाही, धपकन मध्येच बसली. “तिथं नको” असं हरिचंद्रच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ताट जरा बाजूला सरकवलं. तिनंही हात जोडले.

दोघं तसेच बसून राहिले. ताटातलं पिठलं निवत चाललं. कोणी आल्यासारखं हरिचंद्रला वाटलं नाही. भिमाबाई मध्येच एक हात सोडून गुडघा चोळायची, पुन्हा जोडायची.

“झालं का, भाऊ?” शेवटी तिनं हळूच विचारलं.

“आमेन,” हरिचंद्र म्हणाला.