आणखी पाव फेरा

कार्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, कागद ओला दिसत होता. तो ओला नव्हता. जाड, पारदर्शक प्लास्टिकच्या दोन पाट्यांमध्ये तो इतका दाबला गेला होता की तेवढ्या जागी मधे हवाच उरली नव्हती, आणि उजेड तिथून वेगळ्या तऱ्हेने परतत होता. हेल्मी लालोंद तो डाग कित्येक वर्षं पाहत आली होती. तो पसरला नव्हता, आटलाही नव्हता. पाट्यांच्या चार कोपऱ्यांत चार पितळी स्क्रू होते. ते तिच्या नवऱ्याने, आर्मांने, आपल्या हाताने आवळले होते.

आज ते कार्ड काउंटरवर पुढ्यात ठेवून ती दाराकडे पाहत बसली होती. बाहेर मार्चमधला काळपट बर्फ वितळत होता आणि तिच्या दुकानासमोर एक ट्रक उभा राहत होता.

दुकान म्हणजे कॅनडातल्या सडबरी शहरात खाणकामगारांच्या वस्तीतल्या तिच्या घराचा खालचा मजला. एके काळी इथे हॉकी खेळाडूंची कार्डं विकली जायची. मेणकागदाचं पाकीट, आत कार्डांची गड्डी आणि गुलाबी च्युइंगगमची एक कडक पट्टी. आर्मां खाणीत यंत्रं दुरुस्त करायचा. दुकान हेल्मीचं, आणि नियमही तिचेच. पाकीट काउंटरवरच फोडायचं. कार्ड कडांनी धरायचं. आणि पहिलं कार्ड हात वर करून सगळ्या दुकानाला दाखवायचं, मग ते सोनं असो की कचरा. ज्याच्याजवळ पाकीट घ्यायला काही नाही, त्यानेही थांबून पाहायचं. रबरबँड लावून कार्डं आणणाऱ्या पोराचा रबरबँड दारातच जप्त व्हायचा, कारण रबराने कडा खाल्ल्या जातात. त्या रबरबँडांचा चेंडू अजूनही गल्ल्याशेजारी पडून होता.

पुढे मोठ्या माणसांना कळलं की जुनी कार्डं महाग विकली जातात. मग ती पेट्याच्या पेट्या न फोडता माळ्यावर ठेवू लागली. पोरांच्या वाट्याला काही उरेना. शेवटी प्रत्येकाच्या माळ्यावर तेच निघालं तेव्हा भाव पार बसले, आणि शहरातली कार्डांची दुकानं एकामागून एक उठली. लालोंदांचं सगळ्यात शेवटी. आर्मांने दारावर ‘बंद’ची पाटी लावली, पण काउंटर हलवू दिलं नाही. तो गेल्यावर हेल्मीनेही दिलं नाही. शेजारी राहणारा तिचा दीर ऑरेल दर वसंतात विचारायचा, या जागेचं काय करायचं. ती दर वसंतात म्हणायची, बघू.

यंदा मात्र ऑरेलने बघितलं नाही. तिच्या वतीने परस्पर हो म्हणून टाकलं.

“तुझं ‘बघू’ संपेपर्यंत मी आर्मांशेजारी जाऊन पडलेला असेन,” तो म्हणाला होता. “कुझिकांचा डॅरिल काउंटर घ्यायला येतोय. आता नाही म्हणून माझं नाक कापू नकोस.”

डॅरिल कुझिक आत आला आणि दारातच थबकला. लहानपणी बाहीला नाक पुसणारा हा पोरगा आता टोरोंटोत कार्डांचा मोठा व्यापारी होता, अंगावर भारी कोट होता. त्याने डोळे मिटून नाकाने एक लांब श्वास घेतला.

“अजून येतो गमचा वास,” तो म्हणाला. “मिसेस लालोंद, शपथ, अजून येतो.”

हेल्मीने त्याला कॉफी दिली आणि वेलदोड्याच्या गोड पावाचा तुकडा पुढे केला. खाता खाता तो आपल्या नव्या दालनाबद्दल सांगत राहिला. तिथे एक जुन्या आठवणींचा कोपरा करायचा होता. हे काउंटर, काचेचं हे कपाट, बाहेरची ‘लालोंद कार्ड्स’ ही पाटी, सगळं जसंच्या तसं. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतील. धंदा कसा चालतो तेही त्याने सांगितलं. लांबलांबची माणसं फोनवरून पाकिटं विकत घेतात, तो ती कॅमेऱ्यासमोर फोडतो, आणि चांगलं कार्ड निघालं की ते तसंच तपासणीला जातं. तिथले लोक त्याला गुण देतात आणि प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करतात.

“म्हणजे विकत घेणारा एकीकडे आणि फोडणारा दुसरीकडे,” हेल्मी म्हणाली.

“तसंच.”

“मग वास कोणाला येतो?”

डॅरिल हसला. ऑरेलने घसा खाकरला. तुमचं दुकान आता कधी मरणार नाही, असं काहीतरी डॅरिल बोलला, आणि ते तो मनापासून बोलला.

“अमर करायला आधी मेलेलं माणूस लागतं, डॅरिल,” ती म्हणाली.

ऑरेलने छताकडे पाहिलं. बाहेर ट्रकवाले दोघे दोर सोडत होते. त्यांच्या पलीकडे, बसथांब्याच्या बाकावर, शाळेतून सुटलेली चार-पाच पोरं हातमोजे काढून कसली तरी राक्षसांची कार्डं अदलाबदल करत होती. थंडीने बोटं लाल झाली तरी हातमोजे घालत नव्हती. कार्ड हातमोज्याने धरता येत नाही. हिवाळाभर हेल्मी त्यांना काचेतून पाहत आली होती.

तेवढ्यात डॅरिलला काउंटरवरचं कार्ड दिसलं आणि त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला.

“ब्रॅझोचा लुसियें.”

मागच्या गल्लीतला लुसियें ब्रॅझो. तोही कधीकाळी याच काउंटरवर पाकिटं फोडायचा. पुढे तो गोलकीपर म्हणून एक हिवाळाभर मोठ्या लीगमध्ये खेळला, आणि त्याचं एकच कार्ड निघालं. ते याच दुकानात एका पाकिटातून निघालं तेव्हा पोरांनी काउंटर असं बडवलं की कपाटाची काच तडकली. ते पाकीट डॅरिलने फोडलं होतं. कार्ड घरी न नेता त्याने ते आर्मांच्या हातात दिलं आणि म्हणाला, खिडकीत लावा, हे गल्लीचं आहे.

डॅरिलने आता ते उचलून उजेडाकडे तिरकं धरलं. त्याचा अंगठा त्या ओल्या दिसणाऱ्या कोपऱ्यावर थांबला, आणि त्याने हळूच मान हलवली.

“आर्मांने आवळून मारलं बिचाऱ्याला. त्या काळी सगळ्यांनीच ही चूक केली, पण इतकं घट्ट मी कुठे पाहिलं नाही. दाबून कागद पसरलाय. तपासणीवाले हातही लावणार नाहीत.” त्याने ते परत ठेवलं. “हे राहू द्या तुमच्याकडे. बाकीचं सगळं नेतो.”

ऑरेल हसला. त्याचा भाऊ सायकलची घंटीसुद्धा तशीच आवळायचा, म्हणाला.

हेल्मी हसली नाही. आर्मां खाणीत यंत्रांबरोबर छत कोसळू नये म्हणून लावलेले बोल्टही आवळायचा. आधी एक, मग त्याच्या समोरचा, मग उरलेले दोन, आणि सगळे बसले की प्रत्येकाला आणखी पाव फेरा. तो पाव फेरा ज्यांनी दिला नव्हता, त्यांच्यातल्या काहींना त्याने दगडाखालून बाहेर काढलं होतं. जे जपायचं ते त्याला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने जपता येत नव्हतं.

तिने गल्ल्यातून त्याचा छोटा पेचकस काढला.

“ट्रकवाले थांबलेत, हेल्मी,” ऑरेल म्हणाला.

“थांबू देत.”

पहिला स्क्रू बराच वेळ हलेना. मग टक् असा आवाज झाला. तिने त्याच्या समोरचा सैल केला, मग उरलेले दोन, आर्मांच्याच क्रमाने. वरची पाटी उचलली तेव्हा कागद तिच्यापासून नाखुशीने सुटला. कोपऱ्यातला डाग त्याच क्षणी नाहीसा झाला. तिथे आत हवा गेली होती. राहिली ती फक्त थोडी चपटी, थोडी चमकणारी कड.

“धर,” ती डॅरिलला म्हणाली.

त्याने कोटाला हात पुसले. कार्ड कडांनी धरलं. उलटून पाहिलं, मागे गमचा तपकिरी डाग होता. पुन्हा सुलटं केलं. आणि मग, बहुधा त्याचं त्यालाही कळलं नसेल, पण त्याचा हात वर गेला. ऑरेलला दिसेल असा, दारात येऊन उभ्या राहिलेल्या ट्रकवाल्यांना दिसेल असा, सगळ्या दुकानाला दिसेल असा.

ऑरेलने टोपी काढली होती.

डॅरिलने हात खाली घेतला. त्याचे कान लाल झाले होते.

हेल्मीने ते कार्ड त्याच्याकडून घेतलं, तसंच उघडं काचेच्या कपाटात वरच्या खणात उभं केलं, आणि कपाटाचं दार लावलं. किल्ली काढली नाही. मग ती काउंटरच्या आतल्या बाजूला, आपल्या जुन्या जागी जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात लाकडावर टेकले.

“ट्रक रिकामा ने, डॅरिल. ऑरेल, तू बाहेरची पाटी पुसून घे. शनिवारी मी दुकान उघडतेय.”