रिकामी गव्हाण

कुसुमावतीबाईंनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट ‘असतं तसं’ म्हणून सोडून देणं त्यांना जमत नसे. शहराच्या अकोटा भागातल्या त्यांच्या सोसायटीत कुणाची टाकी का गळते, कुणाची तुळस का वाळली, सगळ्याची चौकशी बाईंकडे. यंदाच्या डिसेंबरात मात्र त्या प्रश्नांना भिऊ लागल्या होत्या. मुलगी देवश्री दवाखान्यात पडून होती, सातवा महिना. मागचं बाळ सातव्यातच गेलं होतं. यंदा नाताळ ओलांडला की निम्मी काळजी मिटेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून बाई ‘बाळ’ हा शब्दच उच्चारत नसत. भेटायला गेल्या की डबा, गोळ्या, थंडी, एवढंच बोलत.

शेजारच्या मार्थाबेन मॅकवान अधूनमधून डब्यासाठी भाजी देत. त्यांच्याकडे कोपऱ्यात नाताळचा देखावा मांडला होता. मरियम, योसेफ, गाय, मेंढ्या, सगळे हजर. मधल्या गव्हाणीत मात्र कुणीच नाही. आठवडा उलटला तरी नाही. बाळयेशूची ती ओकीबोकी जागा दिसली की बाई नजर वळवून घेत. मूर्ती हरवली असणार, बिचारी संकोचाने बोलत नाही, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. जन्मभर चौकशा केल्या, पण इथे विचारायचा धीर होईना.

मग त्यांनी लहरीपुऱ्याच्या बाजारातून बोटभर उंचीचा पितळी रांगता बाळकृष्ण आणला आणि मार्थाबेन चहाला आत वळताच गव्हाणीत ठेवून दिला.

मार्थाबेन परत आल्या. हसल्या नाहीत. बाळकृष्ण अलगद उचलून त्यांनी पदराने पुसला आणि बाईंच्या हातात दिला. बाळयेशू हरवलेला नव्हता, कपाटात होता, त्यांनी सांगितलं. नाताळच्या आदल्या रात्री त्याला ठेवायचं. त्याआधीचे चार आठवडे नुसती वाट बघायची.

मग गव्हाण आधीपासून कशाला मांडायची? बाईंमधली शिक्षिका अखेर जागी झाली.

“जागा तो पहेलेथी करवी पडे ने, बेन,” मार्थाबेन म्हणाल्या. “जागा आधीच करून ठेवायला लागते. रोज प्रार्थना करायची, एक काडी घालायची. तो येईल तेव्हा त्याला मऊ लागायला हवं.”

बाईंनी चष्मा सावरून वाकून पाहिलं. तळाशी गवताच्या काड्या नीट आडव्या रचलेल्या होत्या.

“या वर्षीच्या सगळ्या देवश्रीच्या नावाच्या,” मार्थाबेन हळूच म्हणाल्या.

बाई खुर्चीत बसल्या आणि रडल्या. आपण भिंतीच्या या बाजूला एकट्याच घाबरतोय असं त्या समजत होत्या, आणि पलीकडे रोज सकाळी त्यांच्या लेकीसाठी कुणीतरी हात जोडत होतं. देव इतका जवळ असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. डोळे पुसून त्यांनी एक काडी मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने ठेवली. भीती गेली नाही, पण तिच्याबरोबर बसता येईल असं वाटलं.

दुपारी दवाखान्यात त्यांनी डबा टेबलावर ठेवला. देवश्री नेहमीप्रमाणे गोळ्यांचं सांगू लागली. बाईंनी स्टूल पुढे ओढलं.

“बाळ काय म्हणतंय?” त्यांनी विचारलं.

देवश्रीने आईचा हात धरून पोटावर डावीकडे ठेवला.

“कधीची वाट बघतेय, आई, तू विचारशील म्हणून.”