दुसरी सळई

गुलजारभाईंनी जोडकामाची दुसरी सळई नळ्यांच्या तापलेल्या सांध्यावर टेकवली आणि ती क्षणात वितळून आत शिरली. पहिली मघाशी गोळा होऊन जागच्या जागी बसून राहिली होती, सरकारी कारकुनासारखी. नळी निवल्यावर त्यांनी सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही.

"हीच घ्या साहेब," ते म्हणाले. "पहिलीला नळी लालभडक करावी लागते. एवढी पातळ नळी वाकडी होईल."

हडपसरला माझी छोटी शेड आहे. ज्या लहान मुलांच्या पायांत बळ नसतं, त्यांच्यासाठी आम्ही बारीक नळ्यांचे वॉकर बनवतो. एका वॉकरला सोळा सांधे. बावीस वर्षं ते सांधे चांदीने जोडत आले ते गुलजारभाई. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून माझ्याआधी हजर असायचे आणि मला उशीर झाला की "या, शेड आपलीच आहे" म्हणायचे. त्यांचा सांधा सुटल्याची तक्रार एकाही पालकाने आजवर केली नाही, आणि पुण्यात तक्रारीला सहसा कारणही लागत नाही.

नव्या सळयांचे दोन्ही नमुने देताना दुकानदाराने मला बजावलं होतं. दुसऱ्या सळईत चांदीबरोबर कॅडमियम आहे, म्हणून ती लवकर वितळते. तिचा धूर विषारी असतो, बंद जागेत वापरू नका. मी मान डोलावली.

गुलजारभाई काम कसं करतात ते मला ठाऊक होतं. शटर खाली, पंखा बंद. वाऱ्याने ज्योत हलते आणि सांधा एका अंगाने निवतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. शनिवारी मांजरी गावच्या शिबिरात चाळीस वॉकर द्यायचे होते. सांगितलं असतं तर त्यांनी पहिली सळई घेतली असती, काम रेंगाळलं असतं आणि निम्मे वॉकर राहिले असते. उद्या सांगू म्हणत मी सोमवार ढकलला, मंगळवारही ढकलला. खोटं काही बोललो नाही. नुसता गप्प बसलो आणि तेवढ्यावर स्वतःला सज्जन समजत राहिलो.

बुधवारी त्यांनी सकाळपासून सांधे जोडायला घेतले. मी शिबिराची जागा बघायचं निमित्त काढून मांजरीला निघून गेलो. चारला परतलो, शटर वर केलं, तर पत्र्याखाली तपकिरी धूर साचला होता. गुलजारभाई त्या दिवसाची शेवटची चौकट पुसत होते. मला भीती वाटली, अगदी स्पष्ट वाटली.

रोजच्या नेमाप्रमाणे त्यांनी डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाकला. धुराला गूळ बरा, हे त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलेलं. खडा चघळता चघळता ते खोकले.

"अंग जरा कसकसतंय," ते म्हणाले. "दूध पिऊन पडतो. उद्या होईल ठीक."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी त्यांना रिक्षा करून दिली.

गुरुवारी दुपारी नसीमबानू भाभींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोन आला. श्वास घेता येत नाही म्हणून त्यांना दवाखान्यात आणलं होतं. मी पोचलो तेव्हा गुलजारभाई आतल्या खाटेवर होते, तोंडावर ऑक्सिजन. वॉर्डबॉयने काही न विचारता त्यांच्या चपला माझ्या हातात दिल्या. भाभी दाराशी उभ्या होत्या. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. काल काय तापवत होतात, असं त्यांनी विचारलं.

गुलजारभाईंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "चांदी, डॉक्टर. चांदीनं काय व्हायचंय?" मग मला दारात बघून हसले. "साहेबांनी भारीतली आणून दिली."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'चांदी' लिहिलं. व्हायरल दिसतंय, औषध देऊ, श्वास सुधारला की संध्याकाळी घरी सोडू, असं म्हणत त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

"कॅडमियम," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "त्या चांदीत कॅडमियम होतं. दिवसभर जाळलंय, बंद शेडमध्ये."

त्या थांबल्या. किती तास, किती सळया, एवढंच विचारलं आणि नर्सला हाक मारली. पुढचे दोन दिवस कठीण आहेत, असं त्या भाभींकडे न बघता म्हणाल्या. दार लागलं.

बाहेर भाभी आणि मी. भाभींची नजर दारावर होती.

"त्यांना ठाऊक होतं?"

"नाही."

"तुम्हाला?"

"सोमवारपासून."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि माझ्या हातातल्या चपला काढून घेतल्या. ओढणीच्या टोकाने त्यांच्या तळांची धूळ पुसली. मग खाली वाकून त्या चपला दाराशी ठेवल्या, बाहेर येणाऱ्या माणसाला पाय घालता यावेत अशा, आणि त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसल्या.